बाकाखालची बॅटरी

सोमवार

अखेर गाडी दारात आली! गाडी कसली, घरच ते. ओटा, फ्रिज, खिडकीला पडदे. माझी झोपायची जागा वर, ड्रायव्हरच्या डोक्यावर. ह्यांची खाली, बॅटरीच्या पेटीवरच्या बाकावर. फ्रिज एवढासा, पण त्याच्याच जिवावर निघतोय. माझी इंजेक्शनं एक दिवस जरी गरम राहिली तरी फुकट, आणि ती चुकली तर मीही फुकट. डॉक्टरांनी हेच जरा गोड शब्दांत सांगितलंय.

रिटायर झाल्यापासून हे बिनखात्याचे मंत्री होते, आता वीजखातं मिळालं. फ्रिज किती खातो, छतावरचं सोलर किती देतं (ही बॅटरी इंजिनावर भरत नाही), याचा हिशेब दिवसभर चालू. हिशेब करताना नाकातल्या नाकात गुणगुणायची सवय लग्नापासूनची.

गाडी विकणाऱ्या बाई लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. किल्ली देताना म्हणाल्या, बाकी काही करा, पण बॅटरी कधी पूर्ण उतरू देऊ नका. मग बाकावरून हात फिरवला आणि डोळे पुसले. त्यांचे यजमान याच बाकावर झोपेत गेले म्हणे. हे म्हणाले, माणूस कुठेतरी जाणारच.

बुधवार

कालपासून तळ्याकाठी मुक्काम. आभाळ गच्च, सोलर नावापुरतं, वर उकाडा. ह्यांनी रात्री दिवे, पंखा सगळं बंद करायला लावलं आणि सकाळी बॅटरीचा आकडा निम्म्याखाली असणार, असं बजावून झोपले. सकाळी भिंतीवरच्या मीटरवर शंभर. टिचकी मारून पाहिली, तरी शंभर. मी म्हटलं, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. उगाच चौकशी करू नका. मग हे दिवसभर पंखा लावून बसले.

गुरुवार

ढग तसेच, बॅटरी भरलेलीच. मागे घाटात दरड कोसळलीय, दोन-चार दिवस रस्ता बंद, पुढे तर तो तळ्याशीच संपतो, असं रस्त्यावरचा मुकादम सांगून गेला. फोनला रेंज नाही. मी घामाने निथळतेय आणि हे स्वेटर घालून बसलेत. पाय गार. जेवलेही अर्धंच. हवा बाधली, म्हणाले.

शुक्रवार

दुपारी मीच बाकावर जरा पडले. दात वाजायला लागले म्हणून जाग आली. सोलर शून्यावर, फ्रिज चालू, आणि मीटरचा आकडा चढलेला. ह्यांना म्हटलं, आजपासून तिथे झोपायचं नाही, फ्रिज गेला खड्ड्यात. ते हसले नाहीत. त्यांच्या कालच लक्षात आलं होतं.

"फ्रिज बंद पडला तर तू जाशील," ते म्हणाले. "मग मी एकटा मागे राहून काय दिवे लावणार?"

शनिवार

मी फ्रिज बंद केला. त्यांनी चालू केला. भांडलो. शेवटी त्यांना वर माझ्या जागी झोपवलं. मी खाली, बाकासमोर जमिनीवर जागी बसणार आहे, डोळा लागता कामा नये.

रविवार

डोळा लागला. उठले तर हे बाकावर. हात दुधाच्या पिशवीसारखा गार. हाक मारली. खूप हाका मारल्या—

आकडा शंभर.

रविवार, दुपारी

पेटीतून गुणगुण येतेय. फ्रिजची नाही. हिशेब करतानाची. लग्नापासून ऐकतेय, मला नाही ओळखू येणार?

त्या बाई काय सांगत होत्या ते आता—

फ्रिज बंद केला. सगळं बंद केलं. इंजेक्शनं गेली तर जाऊ देत. तरी आकडा उतरतोच आहे. उतरतो तशी गुणगुण बारीक होते.

सोमवार

बारा. कान लावला तरच ऐकू येतं. ढग हलत नाहीत.

पूर्ण उतरू द्यायची नाही—

बाकावर त्यांच्या शेजारी आडवी झाले. जागा अरुंद. घरी असते तर म्हणाले असते, जरा सरक—

तेरा.

बोटं आखडलीत. पण आवाज वाढला, नक्की वाढला— चौदा— अहो, ऐकताय ना, मी इथेच— थंडी फार— पंध