समोरच्या काठावर उतरणारं कबूतर

तिआन्जिन

शुयूनचे बाबा,

इथे शुयूनकडे आम्ही मजेत आहोत. नातीला पहिला दात आला. आपल्या घरासमोरचं शिचाहाईचं तळं गोठलं का? कानटोपी घालता ना?

काल आपल्या शेजारच्या जिनमावशी इकडे येऊन गेल्या. म्हणाल्या, "तुमच्या यांचं पांढरं कबूतर भलतंच प्रेमळ हो! रोज समोरच्या काठावर, गुआनबाईंच्याच छपरावर उतरतं."

उतरू दे, मुकं पाखरू ते. पण त्याला आणायला धन्याने दाढी करून जायचं? वर मोगऱ्याचा चहा पिऊन यायचं? माझा चहा तर तुम्हाला कडू लागायचा!

नव्या कबुतराला घराची ओळख पटेपर्यंत त्याचे पंख बांधून ठेवायचे, हे तुम्हीच मला शिकवलंत. रविवारच्या गाडीने येते आहे. दोरा घेऊन.

अजून तरी तुमचीच,
लानशिन