गवताचं पुस्तक आणि डबा

ता. ३ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेला कॉम्प्युटर मिळाला. कुरिअरवाल्याने खोकं हातात ठेवलं तेव्हा वाटलं, तू चपला पाठवल्यास, आणि त्याही एकाच पायाच्या. उघडून पाहिलं तर साबणाच्या चार वड्यांएवढा काळा डबा. तुझ्या वहिनीने भाबडेपणाने विचारलं, बाकीचा कधी येणार? वर सोनेरी अक्षरांत ‘प्रो’ लिहिलंय. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

हे फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्रात तुला झक मारत ऐकून घ्यावं लागतं.

डबा चालू होतो, नाही म्हणत नाही. आवाज करत नाही, जागा खात नाही, बातम्या दाखवतो. पण मी काही बातम्या वाचून पोट भरत नाही, छापायच्या पुस्तकांची पानं जुळवून भरतो. गवतांचं पुस्तक उघडलं की त्याला धाप लागते. नऊशे पानं, शेकडो चित्रं, आणि प्रत्येक गवताच्या खाली दुसऱ्या दहा गवतांचे हवाले. मी अक्षर दाबतो आणि ते पडद्यावर उमटेपर्यंत वहिनीची मेथीची अर्धी जुडी निवडून होते.

प्रेसच्या मालकाने स्वच्छ सांगितलंय, महिनाअखेर पानं मिळाली नाहीत तर पुस्तक काढून घेऊन तो आपल्या स्टुडिओतल्या पोरांना देणार. ज्यांना दूर्वा आणि कोथिंबीर यांतला फरक कळत नाही त्यांना! पुस्तक लिहिणाऱ्या मास्तरांनी ते विश्वासाने माझ्याकडे दिलं होतं. ते हातचं गेलं तर मी दुकानाची पाटी उतरवीन, एवढं समजून राहा.

लोभ आहेच. तो वाढावा असं वाटत असेल तर पुढच्या वेळी दोन हातांनी उचलावी लागेल अशी वस्तू पाठव.

तुझा,
दादा


ता. ८ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. इतकी शेलकी विशेषणं तू माझ्या लग्नातल्या फोटोग्राफरलासुद्धा दिली नव्हतीस.

मी हॉस्पिटलच्या खरेदी विभागात बसते, दादा. असे डबे आम्ही ढिगाने घेतो. नोंदणीच्या खिडकीवर, औषधांच्या काउंटरवर, सगळीकडे तेच आहेत आणि कोणाला धाप लागत नाही. वीज कमी खातात, टेबलावर हात ठेवायला जागा उरते, बिघडला तर पिशवीत घालून दुरुस्तीला नेता येतो. त्यावर पत्र लिही, जुने फोटो पाहा, आमच्याशी व्हिडिओवर बोल. तो नऊशे पानांचा हत्ती ओढायला केलेलाच नाही. बकरीला नांगराला जुंपायचं आणि वर बकरीलाच शिव्या द्यायच्या, हा कुठला न्याय?

आणि आता स्पष्टच बोलते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुला माझ्यासमोर सांगितलंय, बारीक अक्षरांचं काम थांबवा. तू मान डोलावलीस आणि घरी जाऊन चष्म्यावर भिंग धरलंस. वहिनीने सांगितलं मला. त्या पोरांना देऊन टाक ते पुस्तक. चुका करतील तर करतील. गवत काही कोर्टात जाणार नाही. दुकान बंद कर आणि दोघं इकडे या, माझ्याकडे एक खोली रिकामीच आहे.

वहिनीस नमस्कार. राग आला असेल तर तो तुझ्याकडेच ठेव, लोभ तेवढा इकडे पाठव.

तुझी,
धाकटी


ता. १५ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल कॉम्प्युटर दुरुस्त करणारा येऊन गेला. त्याने पहिल्यांदा डब्यावरचं कापड काढलं आणि तो हसत सुटला. तुझ्या वहिनीला ओळखतेसच. या घरात उघडं असं काही राहत नाही. मिक्सरला झबलं, टीव्हीला झालर, इस्त्रीला टोपी. डबा आला त्याच दिवशी तिने त्यालाही जाड कापडाचं कव्हर शिवलं, मापात, चारी बाजूंनी घट्ट, खाली नाडी. हवा जायची भोकं सगळी बंद. तो आत शिजत होता आणि मी वरून त्याचा उद्धार करत होतो. कव्हर काढल्यावर त्याची धाप निम्मी झाली. वहिनी म्हणते, मग असली उघडी भोकं ठेवतात कशाला?

तो मला सांगत होता, पुस्तकाचे धडे पाडून वेगवेगळ्या फाइली करा, मग हा डबा धावेल. मी म्हटलं, माझे हवाले या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. गवत काय धडे पाडून उगवतं?

पण मुद्दा वेगळाच आहे. त्याने डबा उघडून दाखवला. आत मेमरीची दुसरी पट्टी बसवायला जागा आहे, आणि ती रिकामी आहे. तो म्हणाला, जुळणीच्या कामाला घेणारा माणूस ही पट्टी घातल्याशिवाय दुकानातून हलत नाही. ढिगाने डबे घेणाऱ्या बाईला हे ठाऊक नव्हतं, असं तू मला सांगणार आहेस? माझं काम काय आहे हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तू हे मुद्दाम केलंस, धाकटे. उलट टपाली हो किंवा नाही एवढंच लिही.

लोभाचं, तुझं उत्तर आल्यावर पाहू.

दादा


ता. १९ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हो.

दुकानदार पट्टी घाला म्हणत होता, मीच नको म्हटलं. वाटलं, काम अडलं की तू चिडशील, शिव्या घालशील आणि शेवटी कंटाळून सोडशील. तू पहिल्या दोन गोष्टी केल्यास, तिसरी करायची तुझी जातच नाही. मला लाज वाटत नाही. गवतापायी तू डोळे घालवलेले मला बघायचे नाहीत. तुझ्या मालकाला, मास्तरांना, सगळ्या गवताला माझ्याकडून आग लागो. मी घाबरले आहे, दादा, हे एवढं तरी समजून घे.

लोभ ठेव म्हणायचं तोंड नाही, तरी ठेव.

धाकटी


ता. २ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते आहे. तुम्ही दोघं बहीणभाऊ एका माळेचे मणी. एक कामासाठी डोळे फोडून घेणार, दुसरी डोळ्यांसाठी काम फोडणार, आणि मध्ये शिव्या खाणार तो बिचारा डबा.

दुरुस्तीवाल्याने पट्टी घातली. तरी यांना छोट्या पडद्यावर काही धड दिसेना. बोटांच्या सवयीवर जुळवायचे आणि मला वाचून दाखवायला सांगायचे. मला त्या गवतांची नावं उच्चारताना दात पडायची भीती. मग मीच दुरुस्तीवाल्याला विचारलं, एवढुसा आहे तर टीव्हीच्या मागे मावेल का? तो म्हणाला, तो तर त्यासाठीच केलेला असतो, चार स्क्रू पुरतात. जुन्या कॉम्प्युटरचं धूड असतं तर भिंत पाडावी लागली असती. तेव्हापासून बाहेरची खोली यांचा कारखाना झाली आहे. एकेक अक्षर तळहाताएवढं. माझ्या मालिकेतल्या सुनेचं पुढे काय झालं ते मला शेजारणीकडून कळतं. झालरही उतरवली, बाई. टीव्ही अगदी उघडाबोडका दिसतो.

एवढ्या मोठ्या अक्षरांत यांना आपल्याच जुन्या चुका दिसल्या, पहिल्या पानापासून. त्या सुधारायला म्हणून प्रेसच्या मालकाकडे जाऊन मीच भांडले आणि दोन दिवस मागून आणले. काल पानं गेली. शेवटचं पान यांनी मला वाचायला सांगितलं नाही. स्वतः वाचलं, मोठ्यांदा, खोलीच्या मध्ये उभं राहून. डब्याला अजून चांगलं म्हटलेलं नाही. चित्रं आली की रखडतो, म्हणून रोज उद्धार चालूच होता.

आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. डावा डोळा गेला आहे, उजव्याचं सांगता येत नाही म्हणाले. मी रडले. डाव्याचं यांना गेल्या वर्षीच कळलं होतं, कोणाला बोलले नाहीत. उजवा आहे तोवर पुस्तक आपल्याच हातून पुरं करायचं, म्हणून ती सगळी धडपड होती.

यांचा तुझ्यावरचा राग मात्र उतरलेला नाही, आणि तो पत्राने उतरणारा नाही. रजा टाक आणि ये. समोर बसून भांड त्यांच्याशी. अजून तुझं तोंड त्यांना नीट दिसेल.

लोभ आमच्या घरी भरपूर आहे, घेऊन जायला ये.

तुझी,
वहिनी