बापाच्या डोक्यातल्या रेघा

महाड, माघ, १९६१

प्रिय दत्ताराम,

तुला एक आजी आहे, हे आठवतं का रे? नसेल तर तुझ्या इस्पितळातल्या त्या यंत्राच्या तारा एकदा स्वतःच्या डोक्याला लावून घे, बनुबाईचं नाव कुठे उमटतंय का बघ. मी पोलादपूरहून एस्टीने महाडच्या बाजारात आलेय. मी बोलतेय, नझीर शिंपी लिहितोय. आपल्या वाडीतल्या कुणाकडून हे लिहून घेण्यासारखं नाय.

गणपतीत तू सांगत होतास, तुमच्याकडे एका गोसाव्याला ध्यानाला बसवून डोक्याला तारा लावल्या, तर कागदावरच्या रेघा उन्हाळ्यातल्या सावित्री नदीसारख्या संथ झाल्या. कानाशी थाळी वाजवली तरी हलल्या नाहीत. आणि फेफऱ्याच्या माणसाच्या रेघा म्हणे करवतीच्या दातांसारख्या. मी तेव्हा हसले. म्हटलं, नातू मुंबईला जाऊन लोकांची डोकी मोजायला लागला! आता हसत नाय.

तुझा बाप पहिल्यापासून ध्यानाला बसायचा. उठला की तोंड न्हाल्यासारखं, आणि पहिला प्रश्न, "आये, भाकरी झाली का गो?" मळणीच्या दिवसांत तो माळ्यावरून डोक्यावर पडला. तुला कळवू दिलं नाय. पोरगं नोकरी टाकून येईल, घरचे म्हणाले. तेव्हापासून त्याचं बसणं बदललं, आणि आता तर उठतच नाय. डोळे उघडे, ओठाचा कोपरा फडफडतो, लाळ गळते, धोतर ओलं होतं. लोक म्हणतात, मालोजीला समाधी लागली. दारात नारळांचा ढीग पडलाय. माझ्या लग्नातसुद्धा एवढे फुटले नव्हते.

मी म्हटलं, अरे, ध्यानातला माणूस धोतर ओलं करत नाय. तर तुझा चुलता सदू म्हणतो, "आये, तू आई हायस, तुला नाय दिसायचं ते." वाईट नाय रे सदू. रोज भावाचे पाय धुऊन ते पाणी पितो. पण त्यानेच मला बजावलंय, "घास देऊन त्याला मागं ओढू नको."

आता कशासाठी आले ते ऐक. शिवरात्रीला त्याला समाधी द्यायची ठरलीय. आंब्याखाली खड्डा खणून झालाय. त्यात मांडी घालून बसवायचा आणि भोवती मीठ भरायचं. ओटीवरच्या पोत्याला मी टेकून बसले होते, खडे टोचले तेव्हा कळलं आत काय हाय. माझं कुणी ऐकत नाय, तुझ्या रेघांचं ऐकतील. डॉक्टरला घेऊन ये, बापाला मुंबईला ने. आणि रेघा त्या गोसाव्यासारख्या संथ निघाल्या, तरी त्याला परत पाठवू नको. संथ असला तरी जिता हाय.

तुझीच,
आजी (अंगठा माझाच, शाई नझीरची)

ता. क. नझीर, थांब, घडी घालू नको. दत्ताराम, तू निघेपर्यंत ग्लुकोजची बिस्किटं पाठव, नझीरच्या पत्त्यावर. ती दुधात विरतात, चूल पेटवावी लागत नाय, धूर दिसत नाय. सकाळी सदू नदीवर गेला की मी बोटाने भरवते. अजून गिळतो रे तो. डबा भरून पाठव.