तिसरं कोटेशन येईपर्यंत

३ फेब्रुवारी

दादा अजून माणसं ओळखतो. पुतण्याने आज सकाळी परदेशातून फोनवर सांगितलं, आणि त्याला ते तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणजे पक्कं. पुढचे काही महिने ठीक, त्यानंतरचं सांगता येत नाही, असंही डॉक्टर म्हणाले. काका, यायचं असेल तर आता या, असं पुतण्याचं म्हणणं. एक अट मात्र घातली: प्रवासाचा विमा काढल्याशिवाय दोघांपैकी कुणी विमानात बसायचं नाही. मागे दादा दोन रात्री हॉस्पिटलात होता, तर त्या बिलात नवी गाडी आली असती.

दादाला भेटून नऊ वर्षं झाली. जायचंच.

मी एकाहत्तर, ही अडुसष्ट. हिला मधुमेह, थायरॉइड आणि हृदयात एक स्टेंट. मला फक्त बीपी, तेही नावापुरतं. म्हणजे अवघड केस हिची आहे. हिला तसं बोलून दाखवलं नाही. उगाच धसका घेईल.

कारखान्यात जन्मभर परचेस ऑफिसर होतो. तीन कोटेशन्स आल्याशिवाय साध्या वॉशरच्या ऑर्डरवर सही केली नाही. विमा म्हणजे तरी काय, खरेदीच. आठवड्याचं काम.

४ फेब्रुवारी

तिकिटं काढली. २० एप्रिल. रद्द केल्यास पैसे परत नाहीत, म्हणून फार स्वस्त पडली. हिचं म्हणणं, आधी विमा बघायला हवा होता. खरेदीतला क्रम सगळ्यांना कळतोच असं नाही.

९ फेब्रुवारी

विमा एजंटबाईंकडे गेलो. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर ऑफिस. खालून इस्त्रीची वाफ येते, त्यामुळे बाईंकडचे सगळे कागद किंचित वाकलेले. बाई चाळिशीच्या, बोलणं थोडक्यात.

आधी हिला विचारलं. हिने पर्समधून प्लास्टिकचं पाकीट काढलं आणि सगळं धडाधड सांगून टाकलं. स्टेंट कधी, गोळ्या कुठल्या, शुगर किती. एवढं सगळं पहिल्याच भेटीत सांगायचं नसतं. ही एरवी मात्र फार काटक आहे, असं मी मध्ये म्हणालो. बाईंनी माझ्याकडे न बघता हात वर केला. स्टेंटनंतर गोळ्या बदलल्या का, असं त्यांनी हिला विचारलं. सहा वर्षांत एकही नाही, असं हिचं उत्तर.

हिचं कोटेशन लगेच आलं. ठीक होतं. मग माझं. बीपीचं लोडिंग, म्हणजे जादा हप्ता, धरून. नावापुरत्या बीपीला लोडिंग! तरी दोन्ही मिळून परवडण्यासारखं होतं, हे नोंदवून ठेवतो. बाई म्हणाल्या, आजच काढा. विचार करून सांगतो म्हणालो. पहिल्याच कोटेशनला हो म्हणणारा एक सहकारी मी पाहिला आहे. त्याची बदली भंगाराच्या यार्डात झाली होती.

हिने मात्र स्वतःचा विमा तिथल्या तिथे काढला. स्वतःच्या कार्डाने. दूध घ्यावं तसा. त्यावर मी काही बोललो नाही. म्हणजे बोललो, पण जिना उतरेपर्यंतच.

घरी आल्यावर हिने दादाची आठवण काढली. आमच्या लग्नात दादा हिच्या कानाशी म्हणाला होता, "तुझ्याआधी दोन कोटेशन्स येऊन गेलीत बरं का." ही ते अजून विसरलेली नाही. दादा विसरला असेल.

१३ फेब्रुवारी

दुसरं कोटेशन ऑनलाइन. जन्मवर्ष निवडायला यादी दिली आहे. ती माझ्या वर्षाच्या एक वर्ष अलीकडेच संपते. तीनदा पाहिलं. त्यांच्या मते माझा जन्म झालेला नाही. चॅटवर तक्रार केली. "मी आपल्याला आणखी कशात मदत करू शकते?" असं आलं. आणखी!

१७ फेब्रुवारी

दुसऱ्या कंपनीला फोन. बराच वेळ गाणं ऐकलं. मग एक मुलगा आला, फार गोड बोलत होता, आणि त्याच गोड आवाजात त्याने एजंटबाईंच्या दुप्पट आकडा सांगितला. कारण विचारलं. मी बीपीच्या दोन गोळ्या घेतो, एक असती तर कमी झालं असतं, म्हणाला.

फोन ठेवल्यावर डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस मी भाव सुधारत होतो. सुधारायला हवा माल.

योजना: एक, रोज सकाळी चालणे. दोन, मीठ बंद. तीन, डॉक्टरांना सांगून एक गोळी कमी करणे. मग कोटेशन्स पुन्हा मागवायची. ही म्हणाली, तेवढ्यात एजंटबाईंकडे जाऊन ये ना. दूरचं बघण्याची सवय हिला नाही.

१८ फेब्रुवारी

चाललो. नवे बूट घेऊन. छान वाटलं.

१९ फेब्रुवारी

बूट चावतात. विश्रांती.

२२ फेब्रुवारी

टाच बरी होत आली आहे. चालणं सोमवारपासून, म्हणजे हिशोबाला बरं. मीठ बंद आहे. काल शेजाऱ्यांकडे जे खाल्लं ते त्यांच्या घरचं मीठ.

२४ फेब्रुवारी

डॉक्टर. जुने, ओळखीचे. बीपी उत्तम निघालं. मग एक गोळी बंद करू या, असं मी सुचवलं. गोळ्या चालू आहेत म्हणून उत्तम आहे, असं डॉक्टर म्हणाले. म्हटलं, तेच तर, काम झालंय, आता कामगार कमी करायला हरकत नाही. डॉक्टर हसले नाहीत. मी बराच वेळ उठलो नाही. बाहेर पेशंट खोकत होते. शेवटी म्हणाले, बरं, दुसरी गोळी बंद करून बघू, पण रोज घरी मशीनवर बीपी मोजायचं आणि वाढलं तर लगेच यायचं.

बाहेर बसलेल्या हिने काय झालं विचारलं. प्रगती, म्हणालो.

२ मार्च

मशीनवर आकडा जास्त आला. सेल उतरले असणार. नवे घातले. आणखी जास्त आला. खुर्ची उंच आहे म्हणून पलंगावर बसून मोजलं. तेवढाच. मग हिला मोजून पाहिलं. अगदी हवा तसा. मशीन हिच्या बाजूचं आहे.

डॉक्टरांकडे उगाच धावत जाण्यात अर्थ नाही. शरीराला सवय व्हायला वेळ लागतो.

८ मार्च

पुतण्याचा फोन. दादाने काल सकाळी शेजारच्या माणसाला "छोट्या" म्हणून हाक मारली आणि सायकलची किल्ली मागितली. छोट्या म्हणजे मी. आमच्या जुन्या घरातलं आता दादाशिवाय मला तसं म्हणणारं कुणी उरलेलं नाही. मी पुतण्याला म्हटलं, चांगली गोष्ट आहे, नाव लक्षात आहे. पुतण्याने त्यावर हो म्हटलं नाही. मग विचारलं, विम्याचं झालं ना काका? अंतिम टप्प्यात आहे, म्हणालो.

ही ऐकत होती. ही बोलली नाही की घर मोठं वाटतं.

१५ मार्च

झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभा होतो. एकदम दुकान बाजूला सरकलं. दुकानदाराने स्टुलावर बसवलं, कुणीतरी पाणी दिलं. मी सांगत होतो की दुकानात हवा खेळती नाही. ही आली, रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं.

बंद केलेली गोळी परत चालू. पहिली होती तिची मात्रा वाढवली. आकडा किती होता ते इथे लिहीत नाही. डॉक्टर हिच्याकडे बघून बोलत होते, मी खोलीत नसल्यासारखं. निघताना मात्र माझ्याकडे वळले. "आता गोळीला हात लावायचा नाही. मीही लावणार नाही."

रात्री हिने गोळी हातावर ठेवली आणि मी गिळेपर्यंत उभी राहिली.

१८ मार्च

ठरवलं, एजंटबाईंचंच कोटेशन घ्यायचं. मोठ्या मनाने. हिला बरोबर घेऊन गेलो. बाईंना म्हणालो, तुमच्यावर विश्वास आहे, काढून टाका. बाईंनी की-बोर्ड पुढे ओढला. मागच्या तीन महिन्यांत गोळ्यांत काही बदल?

मी अभिमानाने सांगितलं की एक कमी केली होती, माझ्याच पुढाकाराने. आणि मग? मग परत चालू केली. आणि? एकीची मात्रा वाढवली.

बाईंनी की-बोर्डवरून हात काढले.

"काका, कंपनीला आजार चालतो. बदल चालत नाही."

मग समजावून सांगितलं. शेवटचा बदल झाल्यापासून तीन महिने सगळं तसंच राहिलं पाहिजे, तोवर माझ्या बीपीला कुणी हात लावणार नाही. बीपी वगळून विमा मिळेल. म्हणजे हृदय, मेंदू, चक्कर, यातलं काही झालं तर पैसे नाहीत. पाय मोडला तर मिळतील. चक्कर येऊन पडून मोडला तर नाहीत. फेब्रुवारीत काढला असता तर हे काहीच नव्हतं, असं बाई म्हणाल्या नाहीत. स्क्रीनकडे बघत राहिल्या.

बदलाचं लिहूच नका, असं मी सुचवलं. उद्या तिकडे काही झालं तर कंपनी डॉक्टरांचे कागद मागवते, मग एक पैसाही मिळत नाही, असं बाई म्हणाल्या. "आणि बिल कुणाच्या दारात जाईल?" हिने विचारलं. पुतण्याच्या. मी विषय बदलला.

जिन्यात इस्त्रीचा वास. ही पुढे, मी मागे. या कंपनीचा खाक्याच आडमुठा आहे. सगळ्या अशा नसतात. तिसरं कोटेशन अजून यायचंय.

२९ मार्च

तिसरं कोटेशन आलं. ज्येष्ठांसाठी खास कंपनी, जाहिरातीत पांढऱ्या केसांचं जोडपं समुद्रावर पळतंय. सर्व आजार स्वीकारतात. आकडा पाहून आधी वाटलं, फोन नंबर आहे. तेवढ्यात दादालाच इकडे आणता येईल. पण त्याला तरी विमा कोण देणार.

शिवाय तब्येत स्थिर असल्याचं डॉक्टरांचं पत्र हवं. डॉक्टरांना फोन केला. जूनमध्ये देतो, म्हणाले.

तीनही कोटेशन्स समोर मांडून बसलो. पहिलं सर्वांत चांगलं आहे. त्यावरची तारीख फेब्रुवारीची.

५ एप्रिल

हिला म्हणालो, आपण दोघंही जूननंतर जाऊ. माझ्याशिवाय तुला विमानतळावर सुधरणार नाही. हिने कपड्यांच्या घड्या घालणं थांबवलं नाही.

"मी जाते. दादांना थांबा म्हणून सांगता येत नाही."

मी तिन्ही कोटेशन्सची फाईल कपाटात ठेवून दिली.

१६ एप्रिल

हिला प्रवासाच्या सूचना लिहून दिल्या. हिने मला गोळ्यांचा डबा भरून दिला, सकाळ-रात्र, कप्पे पाडून. कुणाचे कागद जास्त उपयोगी पडतात ते कळेलच.

२० एप्रिल

हिला सोडून आलो. सगळं तिने एकटीने केलं. काचेपलीकडून हात हलवला आणि गेली, मागे वळून पाहिलं नाही की रांग कुठली म्हणून विचारलं नाही. माझी खिडकीची सीट होती. तिच्यावर आता हिची पर्स जात असेल.

घरी आलो. गोळी घेतली.

२३ एप्रिल, सकाळ

व्हिडिओ कॉल. हिने फोन धरला होता, बाजूला पुतण्या. दादा खिडकीपाशी खुर्चीत, स्वेटर घालून. बारीक झालाय. ओळखलंस का, असं मी विचारणार नव्हतो. वाचलं होतं की विचारू नये. मी नुसता बसलो.

दादाने फोनमध्ये वाकून पाहिलं. बराच वेळ.

"छोट्या, तू नाही आलास?"

मी सांगितलं. गोळी, बदल, तीन महिने, स्थिरता, सगळं क्रमाने. दादा ऐकत होता. लहानपणी माझं गणित चुकलं की ऐकायचा तसा. मग हिच्याकडे वळला.

"याचं तिसरं कोटेशन यायचं असेल."

तिकडे सगळे हसले. मीही हसलो. पुतण्या डोळे पुसत कॅमेऱ्यातून बाहेर गेला. म्हणजे दादाला सगळं आठवतंय. हे मी पुतण्याला दोनदा म्हणालो.

मग हिने दादाला चहा दिला. दादाने एक घोट घेतला, फोनकडे पाहिलं. छोट्या, तू नाही आलास? मी पुन्हा सांगितलं, थोडं आटोपशीर. चहा संपला तेव्हा पुन्हा. चौथ्यांदा विचारलं तेव्हा गोळीचं काही सांगितलं नाही. येतोय, एवढंच म्हणालो. दादाने मान हलवली. येतोय म्हटल्यावर त्याला बरं वाटलं असावं. पाचव्यांदा विचारलं नाही. झोपला होता.

रात्र

मशीनवर आकडा ठीक. मशीन हिच्या बाजूचं असूनही.

मुदत १५ जूनला संपते. १६ ला सकाळी एजंटबाईंकडे जायचं आणि त्या देतील ते घ्यायचं. पहिलंच. आजच फोन करून सांगून ठेवलं. भाव तोवर वाढलेला असेल, असं बाई म्हणाल्या. चालेल म्हणालो. बाई म्हणाल्या, ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणालो, चालेल.

तिकीट जूनअखेरचं मिळेल. तोवर दादा ओळखेल, बहुधा, असं पुतण्या म्हणतो. हे त्याला डॉक्टरांनी सांगितलं का, ते मी विचारलं नाही.