आडनाव न विचारणारे घरमालक

२ मे, सोमवार. लातूर
आज तिसरं घर गेलं. घरमालकीणबाई आधी खूश होत्या. बाईची सरकारी नोकरी, मुलगी एकच, नवरा किनवटला आश्रमशाळेवर मास्तर, महिन्यातून एकदा येणार. कटकट नाही. मग चहा टाकायला उठता उठता विचारलं, आडनाव काय म्हणालात? सांगितलं. चहा राहिलाच. ह्यांना विचारून कळवते, म्हणाल्या. दुसऱ्या घरवाल्यानं आडनावावर भागेना म्हणून गाव, गल्ली, वडील काय करायचे असं करत करत मला बरोबर ठिकाणावर नेलं होतं. एवढी हुशारी घरभाड्यात वाया चाललीय.

लातूर जिल्हा झाला अन् जो तो घरमालक झाला. म्हशी बाहेर काढून गोठ्याला चुना मारतात अन् त्याला ब्लॉक म्हणून राहिलेत.

सुजाला जूनमध्ये पहिलीत घालायचंय. ती नांदेडला माझ्या आईकडं. मी इथं गयामावशीच्या एका खोलीत: मावशी, तिचा लेक, सून संगीता अन् मी. बदली झाली तेव्हा पोरीला म्हटलं होतं, महिन्याभरात नेते. दिवाळी झाली, संक्रांत झाली. आता ती विचारतही नाही. तिचं न विचारणंच जास्त टोचतं.

५ मे, गुरुवार
ऑफिसमध्ये, टंचाई शाखेत, दिवसभर टँकर, टँकर. कोणता टँकर कुठं जायचा ते रोज सकाळी मी लिहिते. साहेब खाली सही ठोकतात, वाचत पण नाहीत. लोकांना वाटतं पाणी माझ्याच पदराला बांधलंय.

शिपाई लतीफभाई म्हणाले, माणिकरावांच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, तुमच्या मावशीच्या वस्तीसमोर, चौकातच. म्हटलं, आधी माझं आडनाव सांगून टाका, चप्पल तरी झिजणार नाही. हसले.

८ मे, रविवार
घर बघितलं. दोन खोल्या, वेगळं दार, ओटा, मोरी. अंगणात कडुलिंब, त्याच्याखाली विहीर. कोरडीठाक. पण यंदा कोणाच्या विहिरीत पाणी हाय?

माणिकराव साठीचे, गावाकडं शेती. आडनाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही. मीच वाट बघत बसले, आता विचारतील, मग विचारतील. काकूंनी ताक दिलं, त्यांच्याच पेल्यात. तो पेला नंतर घरातल्या बाकीच्या पेल्यांतच ठेवला. हे असलं बघायची सवय लागलीय, लाज वाटते. पण बघितलं खरं.

इसार द्यायला पर्स उघडली तर हात जोडले. घरच्या माणसाकडून काय घ्यायचं! शनिवारी स्टँपपेपरवर भाडेचिठ्ठी करू, म्हणाले.

चौक ओलांडून वस्तीत येईपर्यंत गाणं गुणगुणत होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा. लगेच ह्यांना एक कार्ड लिहिलं अन् एक सुजाला: घर मिळालं. अंगणात झाड आहे. झोका बांधू.

मावशी म्हणाली, हातात पडंस्तोवर बोलू नये. म्हातारीला मेलं कशातच चांगलं दिसत नाही.

११ मे, बुधवार
पडद्यांचं माप घ्यायला गेले. माणिकराव खुर्ची टाकून बोलत बसले. टँकर चौकात उभा राहतो, बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतात, निम्मं पाणी मातीत जातं. खरंच आहे, मी पण बघते. त्यापेक्षा टँकर त्यांच्या विहिरीत सोडावा. गाळ काढून ठेवलाय. गल्लीला ते नीट वाटून देतील. तुमच्या हातचं दोन अक्षरांचं काम, म्हणाले.

विचारलं, "अन् समोरची वस्ती?"

"त्यांचं नगरपालिका बघंल की. तुमच्या मावशीला मी न्हाई म्हणणार न्हाई, दोन घागरी कवाबी न्याव्या. तुमची गोष्ट येगळी हाय, ताई."

त्यांना सगळं आधीच माहीत होतं. विचारायची गरजच नव्हती म्हणून विचारलं नाही. अन् मी बावळट, गुणगुणत घरी आले होते.

तरी माप घेऊनच आले. का घेतलं?

१२ मे, गुरुवार
डोकं भणभणतंय. सकाळी लतीफभाईंना झापलं. ते म्हणाले, बाई, तुम्ही टंचाई शाखेत आहात अन् मावशी त्या वस्तीत राहते, एवढंच बोललो, खुदा कसम. त्यांचा काय दोष. उगाच त्यांच्यावर काढलं.

कागद लिहायला घेतला. चौकाच्या जागी फक्त 'माणिकरावांची विहीर' लिहायचं. साहेब वाचत नाहीत. कोणाला कळलं नसतं. सुजा सोमवारी इथं असती. पेन बराच वेळ तिथंच.

चौक लिहिलं. पण उद्याचा कागद उद्या हायच.

१३ मे, शुक्रवार
मावशीला सांगितलं. वाटलं माणिकरावांना शिव्या घालील. ती माझ्यावरच घसरली. "पोरगी आण आधी. वस्तीचं वस्ती बघंल. टँकर न्हवता तवा काय मेलो होतो का?" वर म्हणे, हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नको. मग पदर तोंडाला लावून रडली. ती माझ्यासाठीच म्हणते, कळतं. पण मग मी कोणासाठी नाही म्हणू?

संगीता तिथंच होती. पाणी तीच भरते. उद्यासाठी घागरी घासत बसली, राखेनं.

१४ मे, शनिवार
गेले. स्टँपपेपर तयार. काकूंनी पोहे केलेले, घरभर वास. माणिकरावांनी चष्मा पुसला, म्हणाले वाचून घ्या. वाचलं. टँकरचं एक अक्षर नव्हतं. असणार कसं.

चांगलं खडसवायचं ठरवून गेले होते. रात्रभर जुळवलेली वाक्यं. एक आठवेना. म्हटलं, "काका, मला घर नको. टँकर चौकातच उभा राहील."

"टँकरसाठी मी घर देऊन राहिलो, असं वाटतं का तुम्हाला?"

"तसं नसंल तर टँकर तिथंच राहू द्या. मी आत्ता सही करते."

पेन पण उघडला. खरंच केली असती सही, आनंदानं केली असती. त्यांनी दाराकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. काकू बशी घेऊन उभ्या. मी पोहे न खाताच निघाले. त्यांचं काय चुकलं होतं?

मावशी आज माझ्याशी बोलली नाही.

१७ मे, मंगळवार
आईला कार्ड टाकलं, घराचं जमलं नाही, थांबा. ह्यांचं किनवटहून पत्र आलं: घर मिळालं, फार बरं झालं. काय बरं झालं! रागाच्या भरात चार पानं लिहिली, मग फाडली.

पाचवं घर बघितलं. मटण-मच्छी चालणार नाही म्हणाले. म्हटलं, घोटभर पाणी मिळंना, मटण कशात शिजवू? तेही गेलं. तोंड आवरायला पाहिजे.

२० मे, शुक्रवार
ऑफिसमधून आले तर दारात आई, पत्र्याची पेटी अन् सुजा. पहिलं कार्ड दोन दिवसांत पोचलं होतं. दुसरं अजून वाटेत कुठंतरी असंल. पोस्टखात्याला काय म्हणावं.

सुजा उंच झालीय. पिशवीतून सुताची दोरी काढली, झोक्यासाठी आजीकडून मागून आणलेली. "आई, आपलं घर कुठंय?" मावशीनं पेटी बाजेखाली सरकवली अन् म्हणाली, हेच की गं. सुजानं वर बघितलं, पत्रे. खाली बघितलं. दोरी परत पिशवीत ठेवली. मी मोरीत जाऊन तोंड धुवायचं म्हटलं तर पाणी नाही.

२२ मे, रविवार
टँकर चौकात. सुजाला घेऊन रांगेत उभी राहिले, तिच्या हातात तांब्या. पुढं संगीता. अन् तिच्यापुढं कोण, तर काकू. गडी गावाकडं गेलेला, म्हणून स्वतःच आलेल्या, घागर घेऊन. मी मान खाली घातली.

पण भिंतीवरून कडुलिंब दिसतोच. सुजा मोठ्यानं म्हणाली, "आई, हेच झाड का?"

काकू वळल्या. सुजाकडं बघत राहिल्या, तिच्या गालाला हात लावला. मग हळूच मला, "खोल्या अजून रिकाम्याच हायेत, ताई. ह्यांनी कागद फाडला न्हाई. मी बोलून बघते." जरा थांबून, "बाकी काय का असंना, झोका बांधायला तर येऊ द्या लेकराला."

रांग पुढं सरकली. संगीता मागं वळून माझ्याकडं बघून राहिली होती. सुजा पण.

म्हटलं, आधी पाणी भरू.

सुजानं तांब्या दोन्ही हातांनी धरून घरापर्यंत आणला, सांडू दिला नाही. दोरी अजून पिशवीतच आहे.