गाभण म्हशीची मिरवणूक

सम्राट,

यंदा स्वतःच्या लेकीच्या, पूर्णिमाच्या बारशाला तू उशिरा आलास. दिवाळी पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीत मात्र फेटा बांधून सगळ्यांच्या पुढं! मी सांगितलं होतं, "हरणीचं दिवस भरत आल्यात, तिला गोठ्यातच ओवाळ." तू म्हणालास, "आबा, मंगळवार पेठ काय म्हणंल?" आणि गाभण म्हैस मोटारसायकलमागं पळवलीस. पेठेनं शिट्ट्या मारल्या. आज त्यातला एकही पावणा गोठ्याकडं फिरकला नाही. जनावर वर्षभर जपायचं असतं, हे त्या फेट्याखालच्या डोक्यात शिरायचं नाही.

मी शेतात खड्डा काढून घ्यायला गेलोय. उरलेल्या म्हशींना पाणी पाज, तेवढं तरी जमेल तुला.

हरणी आज पहाटे पोटातल्या रेडकासकट मेली.