घर, चाक आणि उजवे मडगार्ड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पत्र्याचे काम, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या मर्जीने आणि चष्मा लावून लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या गाडीच्या मागच्या दाराला पोचा आला आहे, तो आतून ठोकला तर निघेल, हेही सांगितले. त्यांनी मुकाट्याने सही केली. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. एकदा करायला घेतले होते, पण मध्येच मुलगा आला आणि मी कागद उशीखाली सरकवला.

कलम १. घर.
घर सासऱ्यांनी बांधले. पुढे दोन खोल्या, मध्ये स्वयंपाकघर, मागे शेड. त्यांच्यानंतर ते दोघा भावांचे झाले, माझ्या यजमानांचे आणि दिरांचे. पुढे कर्जासाठी बँकेला कागदावर एकच नाव हवे होते, म्हणून दिरांनी आपला हिस्सा थोरल्या भावाच्या नावावर करून दिला. "घरातल्या घरात कसला हिशेब," असे दोघेही म्हणाले, आणि तो हिस्सा परत करायचा राहून गेला. आधी दीर गेले, मग यजमान गेले, आणि त्यांनी लिहून ठेवल्याप्रमाणे कागदोपत्री सगळे घर माझे झाले. माझी जाऊ, जिला यापुढे मी नुसते 'धाकटी' म्हणेन, जवळजवळ माझ्याइतकीच वर्षे या घरात राहते आहे आणि तिच्या नावावर इथला एक खिळासुद्धा नाही. तिला मूलबाळ नाही. माहेर कधीच संपले.

माझा मुलगा चांगला आहे. वाईट असता तर हे सगळे सोपे गेले असते. तो दुसऱ्या शहरात असतो, वरचेवर फोन करतो, औषधे संपायच्या आत पाठवतो. मागच्या खेपेला जेवताना म्हणाला, "आई, तुझ्यामागं ही जागा ठेवून काय करायची? विकून टाकू."

मी विचारले, "आणि काकू?"

"काकूला बघू ना एखादी खोली."

त्याच्या मनात पाप नव्हते. जुना पंखा कुणाला देऊन टाकू म्हणावे, त्या सुरात म्हणाला. धाकटी तेव्हा शेडमध्ये कानस मारत होती. कानशीचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. त्या विषयावर ती माझ्याशी आजतागायत एक अक्षर बोललेली नाही. फक्त त्यानंतर तिने स्वतःसाठी नवीन चादर, नवीन चप्पल, असे काही घेतलेले नाही. निघायच्या तयारीत असलेले माणूस सामान वाढवत नाही, एवढे मला कळते.

सबब राहते घर, मागच्या शेडसह, मी धाकटीला पूर्ण मालकीने देत आहे. 'हयातीपर्यंत राहू द्यावे' असले उपकार नकोत. ती राहो, भाड्याने देवो, विकून तीर्थाला जावो. तिची मर्जी.

कलम २. मुलगा आणि सून.
बँकेतली सगळी शिल्लक मुलाला. माझ्या बांगड्या सुनेला; तिला त्या आवडत नाहीत, तिने खुशाल मोडून दुसरे काही करावे. मुलगा रागावेल. रागावू दे, त्याच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर आहे.

हे त्याच्या तोंडावर का सांगितले नाही, असे कुणी विचारेल. तो समोर बसला की मला 'नाही' म्हणता येत नाही. तो रांगत होता तेव्हापासून येत नाही. कागदावर येते. आणि धाकटीलाही यातले काही सांगितलेले नाही, कारण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिने त्याच संध्याकाळी त्याला फोन लावला असता, "अरे, तुझी आई मला घर द्यायला निघालीये, तिला समजाव." तो आला असता, त्याने समजावले असते, आणि मी समजले असते. मी मृत्युपत्र करते आहे एवढेच तिला ठाऊक आहे. मजकूर मला आणि वकिलांना.

कलम ३. गाडी.
शेडमधली दोन दारांची, गोल पाठीची गाडी सासऱ्यांनी भंगारातून आणली. ती बनवणारी कंपनी कधीच बुडाली, त्यामुळे तिचा एकही पत्रा बाजारात मिळत नाही. जो गंजला तो घरी बनवायचा. दोघे भाऊ डेंटर होते, गाड्यांचे पोचे काढणारे. त्यांनी डिकी आणि डावे दार केले आणि गेले. बाकीची गाडी आम्ही दोघींनी केली. नवऱ्यांची आठवण म्हणून केली, असे लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. तसे काही नाही. अर्धवट सांगाडा अख्खी शेड अडवून बसला होता आणि भंगारवाला लोखंडाच्या भावाने मागत होता, म्हणून चिडून हात घातला. मग गोडी लागली. पुढे लोक आपापल्या जुन्या गाड्यांचे पत्रे करून घ्यायला आमच्याकडे येऊ लागले आणि घर त्यावर चालले.

गाडी धाकटीला. फक्त जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ मागे ती बघायला आले होते, त्यांना विकू नये. आम्ही दोघी पत्रा ठोकायच्या लाकडी मोगऱ्या हातात घेऊन उभ्या असताना त्यांनी विचारले होते, "घरात कामाचं कोणी आहे का?"

कलम ४. चाक.
चाक म्हणजे आमचे यंत्र. एकावर एक दोन पोलादी चाके. मधून पत्रा पुढे-मागे फिरवत राहिले की त्याला हळूहळू गोलाई येते. लहान तुकडा एकटीला जमतो. बॉनेट किंवा छत असेल तर दोघी लागतात, चाकाच्या दोन बाजूंना. एकीने ढकलायचे, दुसरीने ओढायचे. जी जास्त जोर करील तिच्या अंगावर पत्रा वाकडा येतो. त्या वेळी आमच्यात शब्द तीनच. "ये." "सोड." "बास." गल्लीत म्हणायचे, जावा-जावा उभा दावा. दावा होताच. पण छताचा पत्रा हातात असताना भांडता येत नाही. तो आधी खाली ठेवावा लागतो, आणि आमच्या शेडमध्ये ठेवायला जागा नाही.

चाक, हातोड्या, मोगऱ्या, वाळूच्या पिशव्या, गॅसचे सामान, सगळे धाकटीला. तिने मोठे काम एकटीने अंगावर घेऊ नये, जोडीला माणूस शोधावे. तिचे कुणाशी पटत नाही हे मला माहीत आहे. माझ्याशीही पटत नव्हते.

कलम ५. उजवे मडगार्ड.
उजव्या बाजूचे पुढचे मडगार्ड गंजून चाळणी झाले होते, म्हणून डाव्यावर कागद चिकटवून माप घेतले आणि तेच उलटे करून उजवे घडवले. डाव्याला चाकाच्या वर एक बारीक फुगवटा होता. कंपनीची ऐट असेल असे समजून आम्ही तो उजव्यालाही आणला. मरमर मेलो त्याच्यापायी. नंतर डाव्याचा जुना रंग खरवडला तेव्हा फुगवटा ढलप्यांनी हातात आला. कुठल्या तरी जुन्या ठोकरीवर कुणीतरी थापलेली पुट्टी होती ती! दुसऱ्याची लबाडी आम्ही पत्र्यात इमानेइतबारे घडवली होती.

मी म्हटले, उजवे कापून सपाट करू. धाकटी म्हणाली, "कापायचं कशाला? इतका देखणा झालाय. डाव्यालाच करू दुसरा." यावरून जे पेटले ते पावसाळाभर पुरले. मडगार्ड अजून तसेच खुंटीला आहे. सदर वाद मी याद्वारे निकाली काढते. फुगवटा राहील. मला तो आवडत नाही, पण गाडी तिची आहे.

कलम ६. रंगारी.
ज्यांना आम्ही पुट्टीशेट म्हणतो, त्यांना माझ्याकडून पुट्टीचा एक रिकामा डबा. त्यांनी आमच्या बॉनेटच्या सांध्यावर न विचारता पुट्टी फासली होती. कशासाठी ते त्यांना समजेल.

कलम ७.
माझ्यामागे कोणतेही विधी नकोत. अंमलबजावणी वकील करतील. मूळ प्रत त्यांच्या कपाटात राहील.

कलम ८. साक्षीदार.
शेजारच्या शिंपीणबाई आणि दाखला देणारे डॉक्टर साक्षीदार म्हणून सही करतील. ते येणार म्हणून आज बाहेरची खोली आवरत होते, तर धाकटी हात पुसत आली. केस विंचरले होते, साडी बदलली होती. म्हणाली, "ताई, माझी सही कुठं घ्यायची?"

"तुझी नको. शिंपीणबाई येतायत."

"शिंपीणबाई?"

"हो."

"म्हणजे पत्रा धरायला मी, आणि सहीला शिंपीण!"

मी टेबल पुसत राहिले.

"बरोबरच आहे, जाऊबाई," ती म्हणाली. एरवी ताईच म्हणते. "शेवटी मी परकीच. एवढी वर्षं घालवली तेव्हा कळलं." आणि शेडमध्ये निघून गेली. हे लिहिताना तिची हातोडी ऐकू येते आहे. इतक्या जोराने ठोकण्यासारखे आज शेडमध्ये काही नाही.

वकिलांनी मला दोनदा बजावले आहे. मृत्युपत्राने ज्याला काही मिळायचे, त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला दिलेले त्याच्या हातून जाऊ शकते. आत्ता उठावे, शेडच्या दारात जावे आणि तिला हे सांगावे, असे फार वाटते आहे. सांगितले तर संध्याकाळी फोन जाईल. म्हणून उठत नाही.

धाकटे, हे तुला वाचून दाखवतील तेव्हा मी नसेन. परकी म्हणून नाही गं तुझी सही टाळली. घर तुझे आहे म्हणून टाळली. तोवर मला जाऊबाई म्हणालीस तरी मी ओ देईन.

लिहून देणार बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: १. शेजारच्या शिंपीणबाई (सही)
२. डॉक्टर (सही)

ठिकाण: राहते घर, बाहेरची खोली
शुक्रवार, चौदा नोव्हेंबर